दोन नंबरचं गेट

मारुंजीच्या त्या सोसायटीत राहायला गेले तेव्हा मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर पौडला. पौडहून कॉलेज गाठायचं म्हणजे आधी एसटीनं चांदणी चौक, तिथून दुसरी बस आणि पुढे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मिळेल ती रिक्षा. पहिलं वर्ष मी असंच काढलं. त्यात सकाळची प्रॅक्टिकल्स इतकी बुडली की शेवटी वडिलांनीच एका एजंटाला फोन केला आणि चार मुलींच्या फ्लॅटमध्ये माझी सोय झाली.

फ्लॅटचे मालक तिथलेच, जुने बागायतदार. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती. बिल्डरनं बदल्यात त्यांना काही फ्लॅट दिले आणि ते त्यांनी विद्यार्थ्यांना भाड्यानं दिले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, जुनी बुलेट. महिन्यातून एकदा यायचे, नळ गळतोय का ते बघायचे आणि जायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

चौघींपैकी दोघी विदर्भातल्या, एकाच वर्गातल्या, एकमेकींत रमलेल्या. माझ्या खोलीत टांझानियाची मुलगी होती. संगणकाचं शिकायला आली होती. उंच, सावकाश बोलणारी, क्लासला जाताना ओढणीलासुद्धा इस्त्री करणारी. ओढणी तिनं इथे आल्यावर घेतली होती आणि ती कशी सांभाळायची हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही. तिचं हिंदी मोडकं, माझं इंग्रजी मोडकं, त्यामुळे आमचं बरं जमायचं. रविवारी ती मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवायची. एकदा मी त्याच्याबरोबर पिठलं केलं. तिनं बोटानं गोळ्याला खळगा पाडला, त्यात पिठलं भरलं, खाल्लं आणि म्हणाली की हे तिच्या आईला कळवायला हवं. भाजीवाल्याकडून ती दोनच मराठी शब्द शिकली होती, 'लई महाग', आणि ते ती कशालाही वापरायची. परीक्षा लई महाग, पाऊस लई महाग.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी पौडहून चकल्यांचा डबा घेऊन परत येत होते आणि ती मला मारुंजीच्या चौकात भेटली. दोघी बोलत बोलत गेटपाशी आलो. वॉचमन रोजचाच, बिहारचा, आम्हाला ओळखणारा. त्यानं हात आडवा केला. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही जावा." मग तिच्याकडे न बघता, "मॅडम, आप पीछे से. दो नंबर गेट."

तिला वाटलं पुढे काही काम निघालंय, खोदकाम वगैरे. तिनं मान डोलावली आणि वळली. मीही तिच्याबरोबर वळले. भिंतीला वळसा घालून आम्ही मागे गेलो. तिथे ओल्या कचऱ्याचे निळे ड्रम, कचऱ्याचा टेम्पो, भंगाराच्या सायकली आणि सर्व्हिस लिफ्ट. लिफ्टमध्ये फरशी पुसायच्या ओल्या फडक्यांचा वास होता. चौथ्या मजल्यावर दार उघडल्यावर तिनं मला विचारलं, "तुला त्यानं आत जायला सांगितलं. मला का नाही?"

मी म्हणाले, विचारते. पण विचारायची गरज पडली नाही. विदर्भातल्या एकीनं फोन पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज काकांनी तिला पाठवला होता. सुरक्षेच्या कारणास्तव परदेशी आणि परप्रांतीय विद्यार्थी भाडेकरूंनी दोन नंबरचं गेट आणि सर्व्हिस लिफ्ट वापरावी, बागेत आणि क्लबहाउसमध्ये बसू नये, सहकार्याची अपेक्षा.

परप्रांतीय म्हणजे कोण, हे दोन दिवसांत कळलं. बी विंगमध्ये मुलांचा एक फ्लॅट होता. त्यात एक दिल्लीचा, एक लातूरचा, एक नागालँडचा आणि दोन सुदानचे. दिल्लीचा मुलगा पुढच्या गेटनं बिनदिक्कत जायचा. नागालँडच्या आणि सुदानच्या मुलांना वॉचमन मागे पाठवायचा. त्याला कुणी नकाशा दिलेला नव्हता. तो चेहरा बघून ठरवत होता.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. लॅबमध्ये मी एकच मिश्रण दोनदा बिघडवलं. पुस्तक उघडायचं, उठायचं, गॅलरीत जायचं, परत यायचं. रूममेट मात्र रोज इस्त्रीचे कपडे घालून मागच्या गेटनं जायची आणि यायची. मला तिचा थोडा रागही यायचा, की ही चिडत का नाही. एका संध्याकाळी मी तसं बोलून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "घरी मी काळी नव्हते. घरी मी मोठी मुलगी होते, चर्चमधल्या गायकांतली एक होते, गणितात हुशार होते. काळी मी विमानातून उतरल्यावर झाले. मला अजून त्याची सवय नाही. चिडायलाही सवय लागते."

मला चिडायची सवय होती. ती कुठून आली हे मी तिला सांगितलं नाही. आम्ही बौद्ध. पौडला आमची वस्ती विहाराला लागून. माझ्या वाट्याला तशी उघड गोष्ट कधी आली नव्हती, पण वर्गात कुणी आडनाव विचारलं की उत्तर द्यायच्या आधी मी विचारणाऱ्याचा चेहरा बघून घ्यायचे, अगदी लहानपणापासून.

नागालँडचा मुलगा आणि लातूरचा मुलगा सेक्रेटरींना भेटायला निघाले तेव्हा मीही गेले. सेक्रेटरी आयटीतले मॅनेजर. आम्हाला घरात बसवलं, सरबत दिलं. रंगाचा प्रश्नच नाही, ते म्हणाले, त्यांचे स्वतःचे मित्र सगळ्या देशांत आहेत. पण इथे लहान मुलं राहतात, बायका घाबरतात, आणि नियम तात्पुरता आहे. लातूरच्या मुलानं विचारलं, कुणी काही केलंय का? काही झालं नाही तेच बरं, ते म्हणाले. आम्ही सरबत संपवून बाहेर आलो. नागालँडचा मुलगा जिन्यात थांबला. हे त्याचं तिसरं शहर होतं. तो म्हणाला, "मला भाषण नकोय, मोर्चा नकोय. मला फक्त माझ्या घरात पुढून यायचंय."

त्यानंतर मुलांच्या फ्लॅटमध्ये सगळे जमलो. सोसायटीत राहणारे विद्यार्थी एकूण बरेच होते, वेगवेगळ्या कॉलेजांचे, एकमेकांना फक्त तोंडओळखीचे. कुणी म्हणालं, व्हिडिओ काढून टाकू. कुणी म्हणालं, घोषणा देऊ. सुदानचा एक मुलगा शांतपणे म्हणाला की तुम्ही घोषणा द्याल आणि व्हिसा आमचा जाईल. एका तक्रारीवर त्यांना परत पाठवता येतं. मी खिडकीपाशी उभी होते. पेनाचं टोपण चावून त्याचं पार भुसकट केलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग आपण सगळेच मागून जाऊ. यांना पुढून येता येत नाही तोवर आपल्यातलं कुणीच पुढून जायचं नाही."

मी हे आधी ठरवलेलं नव्हतं. पण ते लगेच धरलं गेलं, आणि त्याला जोड मिळाली ती लातूरच्या मुलाकडून. संध्याकाळी पुढच्या गेटबाहेर फुटपाथवर बसायचं, आपापली पुस्तकं घेऊन अभ्यास करायचा. रस्ता अडवायचा नाही, घोषणा नाहीत, फलक नाही. कुणी विचारलं तर खरं सांगायचं. परदेशी मुलांनी बसायचं नाही, ते आम्ही त्यांना बजावून सांगितलं.

पहिल्या दिवशी आम्ही मूठभर होतो. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले, समोरून डंपर जाणारे, पुस्तकावर धुळीचा थर. मी औषधशास्त्राचं एकच पान धरून बसले होते. आत येणाऱ्या गाड्यांच्या काचा वर जायच्या. काही जण थांबून विचारायचे, लाइट गेलेत का? लातूरचा मुलगा उभं राहून सांगायचा, "नाही सर. आमच्या मित्रांना हे गेट बंद आहे, म्हणून आम्हीपण बाहेर." इतकंच सांगून तो परत बसायचा. हळूहळू विदर्भातल्या दोघी आल्या, मग सी विंगमधल्या नर्सिंगच्या मुली, मग दिल्लीचा मुलगाही लॅपटॉप घेऊन आला.

मागच्या गेटची गंमत वेगळीच झाली. सगळे विद्यार्थी एकाच वेळी सर्व्हिस लिफ्टपाशी आल्यावर तिथे रांग लागायला लागली, आणि त्याचा त्रास कमिटीला व्हायच्या आधी घरकामाला येणाऱ्या बायकांना झाला. एक मावशी माझ्यावरच भडकल्या. "तुमचं काय ते फुडं जाऊन भांडा की. आमच्या लिफ्टमदी कशाला गर्दी करताय? माजं पयल्या घरचं काम तुमच्यामुळं रोज उशिरा व्हतंय, बोलनी मला बसत्यात." त्या दिवसापासून आम्ही जिन्यानं चढायला लागलो. वरच्या मजल्यांवरची मुलं धापा टाकत शिव्या घालायची, पण चढायची.

हे असं आठवडे चाललं. माझी झोप उडाली होती. गेटवरचा वॉचमन रोज आमचे फोटो काढायचा. तो कुणाला पाठवतोय हे माहीत नव्हतं. ग्रुपवर कुणी लिहिलं की यांच्या कॉलेजला कळवा, कुणी लिहिलं की पोलिसांना कळवा. मारुंजीच्या रस्त्यावर निळा-लाल दिवा दिसला की मी पुस्तक मिटायचे. अँब्युलन्स निघाली तरी ते लगेच उघडायचे नाही.

एका शुक्रवारी सकाळी काका आले. बुलेटचा आवाज ऐकूनच आम्ही ओळखलं की नळासाठी नाही. कमिटीनं त्यांना सांगितलं होतं की भाडेकरू आवरा, नाहीतर रिकामे करा. ते हॉलमध्ये उभेच राहिले. रूममेट कॉलेजला गेली होती.

"कोन ती पुढारीन तुमच्यातली?" त्यांनी विचारलं.

विदर्भातल्या दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, पुढारीण कुणी नाही, सगळे मिळून बसतो. त्यांनी गावाचं नाव विचारलं. पौड म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला. पौडला त्यांचं तहसील कचेरीत सारखं जाणं होतं. कुठल्या आळीत, विचारलं. मग आडनाव. एजंटाकडून खोली घेतल्यामुळे हे सगळं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी आडनाव सांगितलं आणि विहाराशेजारी राहतो असंही सांगितलं, म्हणजे त्यांना पुढचा प्रश्न विचारावा लागू नये.

मी चहा ठेवते म्हणाले. "चा नगं, आत्ताच झालाया," ते म्हणाले. मग दाराकडे जाता जाता, "तुजे वडील शाळंत हायेत न्हवं? वळखतो मी." आणि गेले.

त्यांना खरंच चहा नको होता का, यावर मी दिवसभर घोळ घातला. सकाळची वेळ होती, चहा झालेलाही असेल. रस्त्यानं चालताना, लेक्चरमध्ये, जिना चढताना मी त्यांचं ते वाक्य पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघत होते. घर सोडायला सांगितलं नाही, राहा असंही म्हणाले नाहीत. त्यापेक्षा ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. काकांनी त्यांना सांगितलं होतं की पोरगी नको त्या भानगडीत पडली आहे. वडील रागावले नाहीत. शिकायला गेली आहेस, एवढंच म्हणाले, आणि आई उद्या येते आहे, तिच्याबरोबर चार दिवस घरी ये.

शनिवारी आई आली. मी खाली घ्यायला जायच्या आधीच ती दाराशी उभी होती. घामानं ब्लाउज भिजलेला, हातात कापडी पिशवी, पिशवीत पावट्याच्या शेंगा. मी विचारलं, जिन्यानं का आलीस? ती म्हणाली, असंच. पाणी प्यायली, रूममेटकडे बघून हसली, माझी बॅग कुठे आहे विचारलं. मी येणार नाही म्हणाले. आमची वादावादी सुरू झाली. तिचं म्हणणं एकच, की ह्या लोकांना अंगावर घेऊन आपल्याला परवडायचं नाही, डिग्री हातात पडू दे, मग काय करायचं ते कर.

मध्येच रूममेटनं मला बाजूला घेतलं. तिनं गॅलरीतून बघितलं होतं. आई पुढच्या गेटपाशी आली, वॉचमननं हात केला, आणि ती भिंतीला वळसा घालून मागे गेली. मी परत हॉलमध्ये आले आणि आईला सरळ विचारलं, वॉचमन काय म्हणाला?

आई पिशवीचे बंद गुंडाळत होती. "म्हनाला, कामवाल्या बायांनी मागनं जायचं."

"मग तू सांगितलं नाहीस, की मी कामाला आले नाही?"

"सांगितलं. तो हसला." मग ती म्हणाली, "आन कामाला आली असते तरी काय झालं असतं?"

त्यानंतर बॅगेचा विषय निघाला नाही. संध्याकाळी मी पुस्तक घेऊन खाली निघाले तेव्हा आई पिशवी घेऊन माझ्यामागे आली. मला वाटलं ती पौडची बस धरायला निघाली. पण फुटपाथवर पोरांच्या रांगेत तिनं पदर खोचला, मांडी घातली, पिशवी समोर ओतली आणि पावटा सोलायला लागली. मुलं गडबडून उठली. "बसा, अभ्यास करा," ती म्हणाली. "मला वाचायचं न्हाई, तर मी ह्ये करते."

ती तिथे बसलेली मला हवीही होती आणि नकोही होती. प्रत्येक गाडीतून कोण तिच्याकडे कसं बघतंय हेच मी बघत होते. तेवढ्यात मागच्या गेटनं वळसा घालून रूममेट आली, हातात आईसाठी प्लास्टिकचं स्टूल. तिला इथे यायची मनाई होती, आमची आणि तिची स्वतःचीही. आईनं स्टूल नको म्हणून हात हलवला. रूममेट एक क्षण स्टूल धरून उभी राहिली. मग तिनं ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी आईशेजारी धुळीत बसली. एक शेंग उचलली, आईनं कशी सोलली ते बघितलं, तशी सोलली. मी हळूच म्हणाले, वर जा, वॉचमन फोटो काढतोय. ती म्हणाली, "काढू दे. मला माहीत आहे." तिचा आवाज नेहमीसारखा सावकाश होता, पण रिकामं साल ती पुन्हा सोलत होती. थोड्या वेळानं सुदानची दोन्ही मुलं आली आणि बसली.

सेक्रेटरी गाडीतून उतरून आले. आईला वाकून, आदरानं विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाकडे कामाला आहात?"

"कुनाकडं न्हाई," आई म्हणाली. "ही माजी पोरगी. ही तिची मैतरीन. आमाला दोघींना तुमचं गेट बंद हाय." आणि सोलायला लागली. ते परत गाडीत बसले आणि आत गेले.

मला ज्याची रोज धास्ती वाटायची ते त्या दिवशी झालं. मोटारसायकलवरून दोन पोलीस आले. त्यांनी काय चाललंय विचारलं. कुणी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "पावटं सोलतुया, साहेब." त्यातल्या एकाला हसू आलं. लातूरच्या मुलानं नीट सगळं सांगितलं. त्यांनी रूममेटचे आणि सुदानच्या मुलांचे कागद बघितले, परत दिले, रस्ता अडवू नका म्हणाले आणि गेले. मी उठून भिंतीपलीकडे गेले आणि मला उलटी झाली.

त्या रात्री आई रूममेटच्या पलंगावर झोपली आणि रूममेट खाली गादीवर. जेवताना पावट्याची आमटी होती. आईनं तिला तिच्या आईबद्दल विचारलं, मी दोन्हीकडचं उलटसुलट सांगत होते. मग आई आपणहून तिच्या लहानपणाचं बोलली. मला हे तिनं कधी सांगितलेलं नव्हतं. तिच्या माहेरी गावजेवण असलं की आमच्या लोकांची पंगत शेवटी, देवळाच्या मागच्या अंगाला बसायची. ताटं घरून न्यायची. "मी एकदा फुडच्या पंगतीत जाऊन बसले," ती म्हणाली. "सा-सात वर्साची आसंन. कुनी मारलं न्हाई, बोललं न्हाई. माज्या दोन्ही बाजूची मान्सं उठून गेली, तेवढंच. मी एकटीच बसलेली, म्होरं भात." मी हे इंग्रजीत सांगताना अडखळले. रूममेटनं पुढचं विचारलं, मग तू जेवलीस का? आई म्हणाली, जेवले, भूक लागली होती.

रविवारी सोसायटीची मीटिंग होती, क्लबहाउसमध्ये. भाडेकरूंना आत प्रवेश नव्हता. आम्ही बाहेर पायऱ्यांच्या अलीकडे बसलो. दार उघडं होतं आणि माइक चालू होता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मालमत्तेचे भाव, मुलांची सुरक्षितता, बाहेरून आलेल्या लोकांच्या सवयी, वास. 'वास' हा शब्द आला तेव्हा रूममेटनं मला अर्थ विचारला. मी खोटं सांगितलं. एक बाई उठून म्हणाल्या की त्यांच्या मुलीला ही टांझानियाची मुलगी गणित शिकवते आणि त्यांना हे सगळं लाजिरवाणं वाटतं. ती शिकवते हे मला माहीतच नव्हतं.

मग काका उठले. त्यांचे फ्लॅट बरेच, त्यामुळे मतंही बरीच. दोन दिवस आम्ही त्यांचंच मत काय असेल यावर बोलत होतो.

"मला लई बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "हितं गेट व्हायच्या आदी माज्या रानाची वाट व्हती. तिच्यावरनं समदं गाव यायचं जायचं. मी कुनाला आडवलं न्हाई. माजे भाडेकरू कुटनं येनार, ते दुसऱ्या कुनी ठरवायचं न्हाई. नियम काडा, न्हाईतर माजी सही कुटल्याच कागदावर मिळनार न्हाई."

टाळ्या फारशा वाजल्या नाहीत. आई माझ्या कानाशी म्हणाली, "समदं गाव?" आणि पदरानं तोंड पुसलं. ते कशासाठी बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. भाड्यासाठी असेल, आपल्याच जमिनीवर कुणी हुकूम सोडतंय याच्या रागानं असेल, शुक्रवारचं काहीतरी त्यांच्याही मनात राहिलं असेल. बाहेर पडताना ते आमच्यासमोरून गेले, आईकडे बघून मान हलवली आणि बुलेट चालू केली.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला की संबंधित सूचना सध्या स्थगित करण्यात येत आहे. चूक झाली असं कुणी लिहिलं नाही. आई पौडला परत गेली होती. संध्याकाळी आम्ही सगळे पुढच्या गेटनं आत आलो, रांगेत वगैरे नाही, घोळक्यानं, काहीबाही बोलत. वॉचमननं दार सरकवलं. त्याच्याकडे बघून नागालँडचा मुलगा 'थँक यू भैया' म्हणाला, आणि तो बिचारा ओशाळला. नोकरी त्याची होती, नियम त्याचा नव्हता.

मला वाटलं होतं, आता शांत झोप लागेल. पण पुढच्या लिफ्टमध्ये रूममेट शिरली की काही लोक 'तुम्ही जा, आम्ही थांबतो' म्हणायचे. ती एकटीच आरशासमोर उभी राहून वर जायची. हे बंद करणारा ठराव कुठे मांडायचा, ते कुणालाच सुचेना. तिनं मात्र एक सुरू केलं. जो कुणी बाहेर थांबायचा त्याला ती लिफ्टचं दार धरून ठेवून विचारायची, "येताय ना?" मराठीत. हे वाक्य तिला मीच शिकवलं होतं. काही लोक शरमून आत यायचे. काही फोन कानाला लावायचे.

मी पुन्हा एकदा सेक्रेटरींकडे गेले, या वेळी एकटीच. म्हटलं, घरकामाच्या बायकांनाही पुढची लिफ्ट द्या. त्यांनी पुन्हा सरबत दिलं. म्हणाले, ते वेगळं आहे. मी परत येऊन मुलांना सांगितलं. सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांची परीक्षा महिन्यावर आली होती. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. मग अंतर्गत परीक्षा सुरू झाल्या. एक-एक जण कमी होत गेला आणि मीही गेले नाही.

रूममेटनं शिक्षण पूर्ण केलं आणि ती घरी गेली. तिथे बँकेत लागली आहे. मधूनमधून फोन करते. मी आता एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि भुकूमला एका नव्या सोसायटीत भाड्यानं राहते. खोली बघायला गेले त्या दिवशी एजंट मला मॉड्युलर किचन दाखवत होता, गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणून सांगत होता. मी त्याला म्हणाले, आधी खाली चला, मला इथली सगळी गेटं बघायची आहेत. त्याला वाटलं मला पार्किंगची काळजी आहे. आम्ही उन्हात भिंतीच्या कडेनं चालायला लागलो. मागच्या बाजूला एक लहान लोखंडी दार होतं. दोन बायका चपला हातात घेऊन तिथून आत येत होत्या. मी त्यांच्याशी काय बोलावं याचा विचार करत उभी राहिले, आणि एजंट मला उशीर होतोय म्हणून घड्याळ दाखवत होता.